आंतरराष्ट्रीय वित्तीय कायद्याचा अभ्यास: ठाणे-नवी मुंबईतील विद्यार्थ्याने सुरुवात कशी करावी

हा लेख लिहिताना तीन प्रकारचे वाचक डोळ्यांपुढे आहेत. पहिला वाचक वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पुढे काय करावे याचा विचार करणारा आहे. दुसरा कायद्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात शिकत आहे. तिसरा ऐरोली किंवा ठाण्यातील एखाद्या बँकेच्या प्रक्रिया केंद्रात केवायसीचे अथवा परदेशी व्यापाराच्या कागदपत्रांचे काम करतो आणि त्या कागदांमागचा कायदा आपल्याला समजावा, असे त्याला वाटू लागले आहे. तिघांनाही माझे एकच सांगणे आहे: या विषयाचा पाया येथेच, भारतीय कायद्यावर, पक्का करावा आणि परदेशी विद्यापीठाचा विचार त्यानंतर करावा. बहुतेक जण नेमके उलट करतात, म्हणजे आधी लंडनच्या विद्यापीठाचे माहितीपत्रक वाचतात आणि विनिमय नियंत्रणाचा कायदा कधीच वाचत नाहीत.

आधी विषयाची हद्द ओळखावी

आंतरराष्ट्रीय वित्तीय कायदा या नावाची संहिता कोठेही नाही, आणि पैशाच्या वादांसाठी सर्व देशांवर अधिकार चालवणारे न्यायालयही नाही. हा विषय अनेक थरांचा मिळून बनतो. वाशीच्या मसाला बाजारातील एखादा व्यापारी दुबईतील खरेदीदाराला हळद पाठवतो, असे समजू. दुबईतील बँक त्याच्या नावे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रे मिळाल्यास पैसे देण्याची लेखी हमी, उघडते आणि वाशीतील बँकेची शाखा त्याला तसे कळवते. माल न्हावा-शेवा बंदरात जहाजावर चढतो, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा दस्तऐवज) आणि इतर कागदपत्रे बँकेमार्फत पुढे जातात, आणि किंमत डॉलरमध्ये ठरलेली असल्यामुळे पैसा बहुधा न्यूयॉर्कमधील एखाद्या बँकेतील खात्यांतून फिरून येतो.

आता या एका व्यवहाराला काय काय लागू होते ते पाहावे. कागदपत्रे अटींप्रमाणे आहेत की नाहीत, हे यूसीपी ६०० या नियमावलीनुसार ठरते. पॅरिस येथील इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या खासगी संस्थेने ती तयार केली असून १ जुलै २००७ पासून ती वापरात आहे. कोणत्याही संसदेने ती मंजूर केलेली नाही, आणि पक्षकार आपल्या कागदात तिचा उल्लेख करतात म्हणूनच ती बंधनकारक ठरते. निर्यातीचा मोबदला ठरावीक मुदतीत भारतात आणण्याचे बंधन मात्र फेमाचे, म्हणजे भारतीय संसदेने केलेल्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे आहे. डॉलर न्यूयॉर्कमधून जात असल्यामुळे ज्या व्यक्तींवर किंवा देशांवर अमेरिकेने निर्बंध घातले आहेत त्यांचा संबंध येथे आहे का, हेही बँक तपासते. उद्या वाद होऊन दुबईच्या न्यायालयाने निकाल दिला, तर तो ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात कसा बजावता येईल, हा प्रश्न दिवाणी प्रक्रिया संहितेचा आहे. खासगी नियमावली, देशी कायदा, परदेशी कायदा आणि या तिन्हींना जोडणारा करार असे हे थर आहेत, आणि समोरच्या कागदात कोणता थर बोलत आहे हे ओळखता येणे हेच या विषयातील पहिले कौशल्य आहे.

पदवी कोणती घ्यावी

बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी, असे दोन मार्ग आहेत. पदवीनंतरच्या मार्गासाठी खुल्या प्रवर्गाला पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची विधी सीईटी द्यावी लागते. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा असून ती केवळ इंग्रजीत होते. मुंबईचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ पवईत आहे. ठाण्यात चेंदणी बंदर मार्गावरील विद्या प्रसारक मंडळाच्या संकुलात विधी महाविद्यालय आहे, नेरूळला डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचा विधी विभाग आहे, आणि चर्चगेटचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय बहुतेकांना ठाऊक असते.

या विषयासाठी महाविद्यालयाच्या नावापेक्षा दोन गोष्टींची चौकशी अधिक उपयोगाची ठरते. कंपनी कायदा आणि बँकिंग कायदा शिकवणारे अध्यापक प्रत्यक्ष वकिली करतात का, हे विचारावे, आणि ग्रंथालयात निकालांचे ऑनलाइन संग्रह विद्यार्थ्यांना वापरता येतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. नोकरी करणाऱ्यांसाठी एक इशारा देणे आवश्यक आहे. दूरशिक्षणाने मिळवलेल्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार ७० टक्के उपस्थिती लागते. त्यामुळे कामाची पाळी आणि महाविद्यालयाची वेळ यांचा मेळ प्रवेशाआधीच घालून पाहावा. ठाणे-वाशी लोकलचे वेळापत्रक हाही त्या हिशेबाचाच भाग आहे.

एलएलबीतील कोणते विषय जीव लावून करावेत

सगळे विषय सारख्याच निष्ठेने करण्याचा सल्ला शिक्षक देतात, आणि तो त्यांच्या जागी योग्य आहे. परंतु वित्तीय कायद्याकडे वळणाऱ्याने १८७२ चा भारतीय करार कायदा पहिल्या वर्षीच इतका पक्का करावा की हमी, नुकसानभरपाईची हमी आणि तारण यांतील फरक विचार न करता सांगता यावा. मोठ्या आंतरराष्ट्रीय कर्जकरारातील निम्मी कलमे याच तीन कल्पनांभोवती फिरतात. त्याखालोखाल २०१३ चा कंपनी कायदा, १९९६ चा लवाद कायदा आणि २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता यांना वेळ द्यावा.

दिवाणी प्रक्रिया संहिता विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते. तिची कलमे १३ आणि ४४अ मात्र या विषयाचे प्रवेशद्वार आहेत, म्हणून त्यांवर थोडे थांबू. कलम १३ परदेशी न्यायालयाचा निकाल केव्हा अंतिम मानू नये याची सहा कारणे देते, त्यांत फसवणूक आणि नैसर्गिक न्यायाची पायमल्ली यांचा समावेश आहे. कलम ४४अ असे सांगते की केंद्र सरकारने परस्पर मान्यतेचा प्रदेश म्हणून जाहीर केलेल्या देशातील वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा भारतातील जिल्हा न्यायालयात येथल्याच हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो. युनायटेड किंग्डम या यादीत आहे, आणि संयुक्त अरब अमिराती १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने यादीत आली. अमेरिका यादीत नाही. याचा अर्थ असा की लंडनच्या उच्च न्यायालयाचा निकाल घेऊन धनको थेट ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात येऊ शकतो, तर न्यूयॉर्कच्या निकालाच्या आधारे त्याला येथे नवा दावा लावावा लागतो. वर सांगितलेल्या हळदीच्या व्यापाऱ्यावर दुबईत निकाल गेला, तर २०२० पूर्वीची आणि नंतरची त्याची स्थिती किती वेगळी असेल, हे विद्यार्थ्याने स्वतः लिहून पाहावे. पुढे ज्या कर्जकरारांत इंग्लंडचा कायदा आणि लंडनची न्यायालये निवडलेली दिसतील, तेथे पक्षकारांनी तसे का केले असावे याचे एक कारण त्याच्या हाती आधीच असेल. न्यायालयाऐवजी लवादाची निवड का होते, हेही १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली परदेशी लवादांच्या निवाड्यांना मिळणारी व्यापक मान्यता पाहिली की लक्षात येते.

फेमा: मूळ कायद्यापासून वाचावा

१९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे फेरा, जाऊन त्याच्या जागी १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, १ जून २००० पासून लागू झाला. फेराखाली उल्लंघन हा गुन्हा होता. फेमाखाली ती मुख्यतः दंडाची दिवाणी बाब झाली, आणि कलम १५ प्रमाणे तडजोडशुल्क भरून ती मिटवताही येते. कायद्यात अवघी ४९ कलमे आहेत. शिकवणीच्या टिपणांना हात लावण्यापूर्वी बेअर ॲक्ट, म्हणजे भाष्याशिवायचा मूळ कायदा, आणून दोन-तीन बैठकांत तो संपूर्ण वाचून काढावा. निवासी व्यक्ती कोण हे सांगणारे कलम २, चालू खात्याच्या आणि भांडवली खात्याच्या व्यवहारांविषयीची कलमे ५ आणि ६ (ज्याने सीमापार मालमत्ता किंवा देणी बदलतात तो व्यवहार भांडवली, बाकीचे चालू), निर्यातीचे कलम ७ आणि दंडाचे कलम १३ यांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. फेमातील निवासी आणि आयकर कायद्यातील निवासी या दोन वेगळ्या कल्पना आहेत. हा घोटाळा अनुभवी माणसेही करतात.

नवागताची खरी दमछाक मूळ कायद्यात होत नाही. कायद्याखाली नियम येतात, नियमांबरोबर विनियम येतात, आणि त्या सर्वांचे दैनंदिन रूप रिझर्व्ह बँकेच्या मास्टर डायरेक्शनमध्ये, म्हणजे एकत्रित निर्देशांत, येते. १५ ऑक्टोबर २०१९ पासून त्यात आणखी एक विभागणी झाली आहे. समभागांसारख्या, कर्ज नसलेल्या साधनांविषयीचे नियम केंद्र सरकार करते, आणि कर्जरोख्यांसारख्या साधनांविषयीचे विनियम रिझर्व्ह बँक करते. म्हणून कोणताही प्रश्न समोर आला की आधी व्यवहार चालू खात्याचा की भांडवली खात्याचा ते ठरवावे, भांडवली असल्यास साधन कर्जाचे आहे की नाही ते ठरवावे, आणि मगच योग्य दस्तऐवज उघडावा. मास्टर डायरेक्शन वारंवार सुधारली जातात, त्यामुळे मित्राने पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर विसंबू नये आणि प्रत्येक वेळी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील प्रत पाहावी. सरावासाठी घरातलाच प्रश्न घ्यावा: परदेशी शिकणाऱ्या मुलाला पालक किती रक्कम पाठवू शकतात? उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, हे उत्तर बहुतेकांना माहीत असते. पण ही मर्यादा कोणत्या दस्तऐवजात, कोणत्या अधिकाराने घातली आहे, हे शोधून काढणे हा खरा सराव होय.

पहिला निकाल कोणता वाचावा

माझी निवड एनटीटी डोकोमो विरुद्ध टाटा सन्स या प्रकरणातील दिल्ली उच्च न्यायालयाचा २८ एप्रिल २०१७ चा निकाल ही आहे. वर आलेले जवळजवळ सगळे थर त्यात एकत्र येतात. जपानच्या डोकोमोने २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये गुंतवणूक केली. कंपनीची ठरलेली कामगिरी झाली नाही, तर डोकोमोला बाहेर पडताना खरेदी किमतीच्या किमान निम्मी किंमत मिळेल, अशी तरतूद करारात होती. ती वेळ आली तेव्हा समभागांचे बाजारमूल्य त्याहून बरेच खाली गेलेले होते, आणि निवासी पक्षाने अनिवासी पक्षाला वाजवी मूल्यापेक्षा अधिक किंमत देण्यास रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली. लंडनच्या लवाद संस्थेपुढे २०१६ मध्ये सुमारे ११७ कोटी डॉलरचा निवाडा डोकोमोच्या बाजूने झाला. पुढे दोन्ही पक्षांनी आपसात समझोता केल्यावर रिझर्व्ह बँकेने मध्ये पडण्याची परवानगी मागितली, ती न्यायालयाने नाकारली आणि निवाडा अंमलात आणण्यास मान्यता दिली.

हा निकाल एका बैठकीत संपत नाही, आणि संपवण्याची घाईही करू नये. पहिल्या वाचनात केवळ तारखांचा क्रम लिहावा. दुसऱ्या वाचनात करार, लवाद आणि अंमलबजावणी या तीन टप्प्यांवर कोणत्या देशाचा कायदा लागू झाला, ते समासात नोंदवावे. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल त्याच्या मागेपुढे ठेवावेत. रेणुसागर प्रकरणात, म्हणजे १९९३ साली, फेराचे उल्लंघन हे भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानले जाईल, म्हणजे त्या कारणावरून परदेशी निवाडा नाकारता येईल, असे म्हटले होते. विजय कारिया प्रकरणात, २०२० साली, फेमातील त्रुटी नंतर परवानगी घेऊनही दुरुस्त करता येते, म्हणून केवळ तेवढ्यावरून परदेशी निवाडा अडवता येणार नाही, असे ठरले. फेरा जाऊन फेमा आल्याने नेमके काय बदलले, ते या दोन निकालांच्या मधल्या अंतरात जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात दिसणार नाही.

दिवाळखोरीच्या बाजूने आवड असेल त्याने जेट एअरवेजचे प्रकरण घ्यावे. २०१९ मध्ये या कंपनीविरुद्ध नेदरलँड्स आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी कार्यवाही सुरू झाली. मुंबईतील राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने डच कार्यवाहीला मान्यता देण्यास नकार दिला, आणि अपिलात दोन्ही बाजूंच्या प्रशासकांनी सहकार्य कसे करावे याचा लेखी आराखडा मान्य झाला. आपल्या संहितेत यासाठी २३४ आणि २३५ ही दोनच कलमे होती, हे लक्षात ठेवून ते आदेश वाचावेत.

आंतरराष्ट्रीय संस्था आणि त्यांचे बंधनकारक नसलेले नियम

१९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची रचना ठरली. त्या परिषदेच्या भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस या विषयाच्या उगमापाशी उपस्थित होता, एवढे आपल्या भागातील विद्यार्थ्याला ठाऊक असायला हरकत नाही.

नाणेनिधीचा करारनामा हा देशांमधला खरा तह आहे. बँकांवरील देखरेखीचे मापदंड ठरवणारी बाझल समिती, रोखे बाजाराच्या नियामकांची आयोस्को ही संघटना आणि काळ्या पैशाविरुद्धचे एफएटीएफ यांचे नियम मात्र तहाच्या रूपात नसतात, तरीही देश ते पाळतात. बाझल समितीचा जन्म पाहिला म्हणजे असे नियम का लागतात ते कळते. २६ जून १९७४ रोजी कलोन येथील हर्स्टाट बँक जर्मन कामकाजाची वेळ संपताना बंद करण्यात आली. तिच्याशी चलनाची अदलाबदल करणाऱ्या बँकांनी जर्मनीत मार्क देऊन टाकले होते, पण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दिवस सुरू असल्यामुळे त्यांना मिळायचे डॉलर मिळालेच नाहीत. दोन देशांच्या घड्याळांतील अंतरामुळे उद्भवणाऱ्या या धोक्याला आजही त्या बँकेचेच नाव आहे. त्याच वर्षाअखेरीस समिती स्थापन झाली. तिच्या १९८८ च्या पहिल्या करारात जोखीमभारित (जोखमीच्या प्रमाणात मोजलेल्या) मालमत्तेच्या ८ टक्के भांडवलाचा दंडक आला, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी तो ९ टक्के ठेवला. बाझलचा दंडक भारतात बंधनकारक होतो तो रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकामुळे. मूळ दस्तऐवज आणि आपले परिपत्रक शेजारी ठेवून कोठे फरक केला आहे ते शोधणे, हा पदव्युत्तर प्रबंधासाठीही चांगला विषय होऊ शकतो.

हिशेब आणि बाजार यांची ओळख

कायद्याचे विद्यार्थी येथे कच्चे राहतात. ताळेबंद वाचता येणे, रोख्याची किंमत आणि व्याजदर यांचा व्यस्त संबंध समजणे, आणि व्याजदराच्या किंवा चलनाच्या स्वॅपमध्ये, म्हणजे अदलाबदलीच्या करारात, कोण कोणाला काय देतो हे कागदावर मांडता येणे, एवढे तरी हवेच. रोखे बाजाराची नियामक असलेल्या सेबीने स्थापन केलेल्या राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेच्या, म्हणजे एनआयएसएमच्या प्रमाणपत्र परीक्षा यासाठी उपयोगी आहेत. त्यांचा अभ्यास नोकरी सांभाळून होतो, आणि संस्थेचे वाशीतील केंद्र आपल्याला जवळही आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने हा टप्पा वगळला तरी चालेल.

पदव्युत्तर शिक्षण

एनआयएसएमचे मोठे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे, आणि तेथे मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या सहकार्याने गुंतवणूक व रोखेविषयक कायद्यांतील एलएलएम चालवले जाते. रोखे बाजाराच्या नियमनात काम करायचे असेल, तर माझ्या मते परदेशाआधी याचा विचार करावा. सेबीचे मुख्यालय आणि तिच्या आदेशांवरील अपिले ऐकणारे रोखे अपील न्यायाधिकरण ही दोन्ही मुंबईत आहेत, आणि इंटर्नशिपसाठी शहर बदलावे लागत नाही.

सीमापार कर्जे, डेरिव्हेटिव्ह (दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर किंवा दरावर आधारलेले करार) किंवा सार्वभौम, म्हणजे सरकारांचे, कर्जरोखे यांत रस असेल, तर मात्र लंडनचा विचार सार्थ आहे, कारण हे करार मोठ्या प्रमाणावर इंग्लंडच्या किंवा न्यूयॉर्कच्या कायद्याखाली लिहिले जातात. किंग्ज कॉलेजमध्ये आंतरराष्ट्रीय वित्तीय कायद्याचे, तर क्वीन मेरी विद्यापीठात बँकिंग व वित्त कायद्याचे एलएलएम आहे. फ्रँकफर्टच्या ग्योटे विद्यापीठातील कायदा व वित्त संस्था आणि सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ हेही पर्याय पाहावेत. लंडनमधील अभ्यासक्रम पूर्णवेळ एका वर्षाचा असतो, आणि त्या वर्षात मूलभूत गोष्टी शिकायला उसंत मिळत नाही. म्हणून एलएलबीनंतर दोन-तीन वर्षे एखाद्या बँकेच्या विधी विभागात किंवा वित्तीय व्यवहार पाहणाऱ्या वकिली कार्यालयात काम करून जाणे अधिक फलदायी ठरते. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीलाही दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची तिची अट आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जाहिरातीतील उत्पन्नमर्यादा आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आधी तपासावी. मुंबईतील जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देते.

अर्जासाठी विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रके, दोन शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र लागते. विद्यापीठाकडून ही गुणपत्रके (ट्रान्सक्रिप्ट) मिळण्यास वेळ जातो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करावा. उद्देशपत्रात जागतिकीकरणावर प्रस्तावना लिहू नये. आपण वाचलेला एखादा निकाल किंवा हाताळलेला एखादा दस्तऐवज घ्यावा, त्यात न सुटलेला प्रश्न मांडावा आणि तो प्रश्न त्या विद्यापीठातील कोणत्या अभ्यासक्रमाशी जुळतो ते सांगावे.

परदेशी एलएलएममुळे कोठेही आपोआप वकिलीचा अधिकार मिळत नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही स्वतंत्र परीक्षा आहे. भारतात वकिली करण्यासाठी एलएलबीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परदेशी जाण्याचे ठरले असेल, तर ही नोंदणी आणि परीक्षा दोन्ही निघण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावी, म्हणजे परत आल्यावर ती दोन वर्षांची मुदत उलटून गेलेली नसेल.